ॲपलाही विचारा, तुझी सनद कोणती?

नवे संकेतस्थळ किंवा नवे ॲप आपल्या घरात कोणत्या दाराने येते? वाशीम, कारंजा, मंगरुळपीर, रिसोड, मालेगाव, मानोरा, जिल्ह्यातल्या कोणत्याही मोहल्ल्यात विचारा, उत्तर साधारण सारखेच मिळेल. ते कुणी शोधून काढलेले नसते. खानदानच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिंक टाकते. लातूरला नीटच्या शिकवणीसाठी गेलेला भाचा ईदला घरी येतो आणि बहिणींच्या मोबाईलमध्ये दोन नवी ॲप टाकून जातो. फॉर्म भरायला गेलो तर झेरॉक्सवाला सांगतो, "भाईजान, आता सगळं एआयवर होतं." आणि एक पाहुणा तर कुणी न बोलावताच आला. जून २०२४ मध्ये मेटा एआयचे ते निळे-जांभळे कडे आपल्याकडच्या व्हॉट्सॲपमध्ये दिसू लागले. त्याच महिन्यात गूगलचे जेमिनी मराठी आणि उर्दूसह नऊ भारतीय भाषांत आले. २०२५ मध्ये मोबाईल कंपन्यांनी रिचार्जबरोबर अशी साधने फुकट वाटायला सुरुवात केली, तर नोव्हेंबरपासून चॅटजीपीटीने आपली एक पैसेवाली योजना भारतात वर्षभर मोफत केली.

नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले जे चार जिल्हे आहेत, त्यांत वाशीम एक. चांगले ग्रंथालय, चांगली शिकवणी, तज्ज्ञ डॉक्टर यांसाठी आपल्याला अकोला, अमरावती किंवा नागपूरची वाट धरावी लागते. म्हणून मोबाईलमधल्या या नव्या सोयीचे मोल आपल्याला शहरवाल्यांपेक्षा जास्त आहे, आणि फसगत झाली तर तिची किंमतही जास्त.

ईशाची नमाज झाली, जेवणे उरकली, की प्रश्न सुरू होतात. बाळासाठी कुरआनातले नाव सांगा. रोज्यात इंजेक्शन घेतले तर चालते का? इतक्या दागिन्यांवर जकात किती? शिष्यवृत्तीची शेवटची तारीख कोणती? सोयाबीनची पाने पिवळी का पडली? पूर्वी हे प्रश्न वेगवेगळ्या माणसांकडे जात. नाव दादी-नानी ठरवत, मसला इमाम साहेबांकडे जाई, पाने घेऊन माणूस कृषी सेवा केंद्र गाठी. आता सगळे प्रश्न एकाच खिडकीत जातात आणि सगळ्यांची उत्तरे त्याच गोड, ठाम स्वरात येतात. यात चांगलेही काही आहे. जो प्रश्न इमाम साहेबांना विचारायला मुलीला संकोच वाटतो आणि अम्मीलाही नीट उत्तर देता येत नाही, तो ती इथे विचारू शकते. पण उत्तर आले कुठून, हे मात्र तिला कळत नाही.

बाळाच्या नावाचेच पाहू. "कुरआनात आलेली मुलींची नावे" अशा लांबलचक याद्या इंटरनेटवर हव्या तेवढ्या सापडतात. वास्तविक कुरआनात नाव घेऊन उल्लेख झालेली स्त्री एकच आहे, हजरत मरयम (अ.). हजरत आयेशा (रजि.), हजरत खदीजा (रजि.), हजरत फातिमा (रजि.) ही आपल्या काळजाजवळची नावे, पण ती कुरआनात आलेली नाहीत. याद्या तयार करणारे कुरआनातला कानाला गोड वाटणारा कोणताही शब्द उचलतात, त्याला मुलीचे नाव करतात आणि पुढे मनाला येईल तो अर्थ लिहितात. एआय साधने अशाच मजकुरावर शिकलेली असतात. त्यांना नाव विचारले की तीच यादी नव्या कपड्यांत आपल्यापुढे येते. अरबी शब्दाचा अर्थ जाणणाऱ्याला दाखवल्याशिवाय अकीक्याच्या दिवशी ते नाव पक्के करू नये, इतके तरी आपल्या हातात आहे.

जकातीचा हिशेब याहून नाजूक. निसाब किती, असे विचारले की एखादे साधन ८५ ग्रॅम सोने किंवा ५९५ ग्रॅम चांदी सांगते. दुसरे ८७.४८ ग्रॅम सोने आणि ६१२.३६ ग्रॅम चांदी सांगते. तिसरे साडेसात तोळे सोने आणि साडेबावन्न तोळे चांदी म्हणते. घरातला माणूस गोंधळतो; यांतले खरे कोणते? खोटे यांतले एकही नाही. पहिले आकडे अरब देशांतल्या बऱ्याच उलेमांच्या हिशेबाचे आहेत. दुसरे आणि तिसरे मुळात एकच असून आपल्या उपखंडातल्या उलेमांचे आहेत. साडेसात तोळ्यांचे ८७.४८ ग्रॅम होतात, कारण इथला तोळा जुना, सुमारे ११.६६ ग्रॅमचा आहे. सराफाच्या दुकानात मात्र आज तोळा म्हणजे दहा ग्रॅम. साधनाने "साडेसात तोळे" म्हटले आणि घरी दहाने गुणले, की निसाब ७५ ग्रॅमवर आला! शिवाय एकीजवळ थोडे सोने, थोडी चांदी आणि थोडी रोकड असेल तर हिशेब सोन्याच्या निसाबाने करायचा की चांदीच्या, वापरातल्या दागिन्यांवर जकात आहे की नाही, यात मस्लकाप्रमाणे फरक पडतो. साधन यांतले एक मत उचलते आणि जणू दुसरे मतच नाही अशा थाटात सांगते. हे मत कोणाचे, हनफी की शाफई, कोणत्या दारुल इफ्ताचे, हे आपण विचारले नाही तर ते बहुधा सांगत नाही. विचारले तर सांगते. पण ते सांगणेही खरे असेल याची हमी नाही.

हमी का नाही, हे कळायला यंत्राचे काम थोडे समजून घ्यावे लागेल. चॅटजीपीटी, जेमिनी, मेटा एआय यांच्या पोटात पुस्तकांचे कपाट नसते, की जिथून पान काढून आपल्याला वाचून दाखवावे. प्रचंड मजकूर वाचून कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, एवढे ते शिकलेले असते आणि त्या अंदाजाने शब्दामागे शब्द ठेवत जाते. हदीस कशी लिहिलेली असते, तिचा क्रमांक कसा दिसतो, हे त्याला ठाऊक असते. त्यामुळे कुठल्याच संग्रहात नसलेले वचन पुस्तकाच्या नावासह आणि क्रमांकासह ते सहज देऊ शकते. अलीकडे काही साधने इंटरनेटवर शोध घेऊन उत्तराखाली दुवे देतात. ही सुधारणाच. पण दुवा उघडून पाहिला नाही, तर तो असून नसल्यासारखा.

भल्याभल्यांची यात फसगत झाली आहे. न्यूयॉर्कमधल्या दोन वकिलांनी २०२३ मध्ये चॅटजीपीटीने दिलेले खटले न्यायालयात सादर केले. ते खटले कधी चाललेच नव्हते. त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीवरची आयकर आकारणी रद्द केली, कारण आदेशात आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. एआयच्या या काळात यंत्राने दिलेल्या निकालांवर डोळे झाकून विसंबू नका, ते आधी पडताळा, असे न्यायालयाने बजावले. जिथे सरकारी अधिकारी आणि वकील फसतात, तिथे दहावीची पोर मीलादच्या भाषणासाठी यंत्राकडून हदीस लिहून घेते तेव्हा काय होत असेल?

या दुखण्यावरचे औषध मुस्लिमांना नव्याने शोधायचे नाही. ते आपल्या घरात बाराशे वर्षांपासून आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे म्हणून कोणी वचन सांगितले, तर मुहद्दिसांचा पहिला प्रश्न असे : तुला कोणी सांगितले? त्याला कोणी सांगितले? ही साखळी म्हणजे सनद, आणि सांगणारा तो रावी. रावी कोण होता, कुठे राहिला, ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याला तो भेटला तरी होता का, त्याची स्मरणशक्ती कशी, व्यवहारात खरा होता का, याची छाननी करण्यासाठी 'अस्माउर रिजाल' नावाचे स्वतंत्र शास्त्र उभे राहिले. इमाम बुखारी (रह.) यांनी लाखो कथनांतून निवडून काही हजार ठेवली; ती गोड वाटली म्हणून नव्हे, त्यांच्या कसोटीला उतरली म्हणून. या कामात स्त्रियाही होत्या. हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून दोन हजारांहून अधिक हदीसी आल्या आहेत. अकराव्या शतकात मक्केत करीमा मरवजिया या विदुषी सहीह बुखारी शिकवत. खतीब बगदादींसारखे आलिम त्यांच्यापुढे शिकायला बसले. विद्यार्थ्याने लिहून घेतलेली प्रत त्या मूळ प्रतीशी ताडून पाहात. सूरह हुजुरातमध्ये बातमी आणणाऱ्याची खातरजमा करण्याची ताकीद आहे, तीही याच जातीची.

याच मापाने पाहिले तर एआय म्हणजे असा रावी, जो कोणाला भेटला हे सांगू शकत नाही, ज्याची स्मरणशक्ती अफाट पण मिसळलेली, आणि "मला माहीत नाही" म्हणायला जो फारसा तयार नसतो. मुहद्दिसांनी अशा माणसाचे काय केले असते, हे वाचकांना सांगायला नको. तरीही त्याला घराबाहेर काढा असे मी म्हणणार नाही. पत्ता विचारायला तो चांगला आहे. "या विषयावरची हदीस कोणत्या संग्रहात शोधू?" असे त्याला विचारावे आणि हदीस त्या संग्रहात जाऊन वाचावी.

तो संग्रह आता हातातच आहे. सुन्नाह डॉट कॉम या संकेतस्थळावर बुखारी, मुस्लिम आणि इतर प्रमुख संग्रह अरबी मजकूर व इंग्रजी भाषांतरासह क्रमांकवार मांडले आहेत आणि कित्येक ठिकाणी हदीस सहीह, हसन की जईफ हेही लिहिले आहे. व्हॉट्सॲपवर आलेल्या वचनाचा क्रमांक तिथे टाकून पाहायला दोन मिनिटे लागत नाहीत. इल्मसाठी चीनपर्यंत जाण्याचा उपदेश करणारे वचन आपल्याकडे शाळेच्या जलशापासून निकाहच्या मंडपापर्यंत ऐकू येते. मुहद्दिसांनी त्याला जईफ ठरवले आहे आणि काहींनी तर निराधार. म्हणजे ही खोड यंत्राने आणलेली नाही, आपल्यात आधीपासून होती. यंत्राने फक्त तिचा वेग वाढवला.

कुरआन डॉट कॉमवर मराठी अनुवाद निवडता येतो आणि अनुवादकाचे नाव, मुहम्मद शफी अन्सारी, तिथे दिसते. अनुवाद कोणाचा हे जिथे लिहिलेले नाही, ते ॲप मोबाईलमध्ये ठेवू नये असे माझे मत आहे. मूळ अरबी मजकुराबाबत २००७ मध्ये सुरू झालेला 'तन्जील' हा प्रकल्प मोलाचा ठरला. संगणकावर टंकलेल्या कुरआनच्या प्रतींत जेर-जबरच्या चुका राहून जात. या मंडळींनी मजकूर बारकाईने तपासून खुला केला आणि अनेक संकेतस्थळे व ॲप आज तोच वापरतात.

दीनच्या बाहेरही काही स्थळे अशी आहेत की ती एकदा सापडली म्हणजे घरातले वातावरण बदलते. आपल्या जिल्ह्यातल्या कित्येक घरांत दादीला उर्दू वाचता येते आणि मराठी शाळेत शिकणाऱ्या नातीला ती लिपी येत नाही. जानेवारी २०१३ मध्ये सुरू झालेल्या 'रेख्ता'वर तीच गझल उर्दू, देवनागरी आणि रोमन अशा तिन्ही लिप्यांत वाचता येते; अडलेल्या शब्दावर बोट ठेवले की अर्थ समोर. दादी म्हणते आणि नात पडद्यावर पाहते, असे दृश्य मी पाहिले आहे. त्यात शिकवणारी कोण आणि शिकणारी कोण, हे सांगणे कठीण होते.

उलट दिशेची अडचण उर्दू माध्यमाच्या मुलामुलींची. दहावीपर्यंत उर्दूत शिकून अकरावीला मराठी किंवा इंग्रजी वर्गात बसले की विज्ञानाचे शब्द परके होतात. 'इन्इताफ' म्हणजेच 'अपवर्तन' हे कोणी सांगितलेलेच नसते. बालभारतीच्या संकेतस्थळावर दोन्ही माध्यमांची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात मोफत आहेत. दोन्ही पुस्तके शेजारी उघडा, धडा तोच, चित्र तेच. शब्दांची जोडी आपोआप जमते. मग गूगलच्या नोटबुकएलएमसारखे साधन खरे कामाला येते. त्यात आपण आपले पुस्तक चढवायचे आणि प्रश्न विचारायचे. ते मुख्यतः त्या पुस्तकातूनच उत्तर देते आणि कोणत्या परिच्छेदातून दिले तेही दाखवते. चूक तिथेही होऊ शकते, पण बोट ठेवून तपासता येते. सनद दाखवणारे साधन आणि न दाखवणारे साधन यांत मी जो फरक करते, तो हाच.

लातूर-नांदेडच्या वसतिगृहाचा खर्च न पेलणाऱ्या, किंवा मुलीला दूर पाठवायला मन न धजणाऱ्या घरांनी 'साथी' हे नाव लक्षात ठेवावे. शिक्षण मंत्रालय आणि आयआयटी कानपूर यांनी २०२३ मध्ये सुरू केलेले हे संकेतस्थळ नीट, जेईई वगैरे परीक्षांचे धडे आणि सराव फुकट देते. शिकवणी वर्गाची जागा ते पुरती भरून काढेल असे नाही. पण "पैसे नाहीत म्हणून नीटचा विचारच करू नको" असे मुलीला सांगण्याआधी ते उघडून तरी पाहावे.

शेतीचे थोडक्यात सांगते. पाने पिवळी पडणे हे लक्षण एक, रोग अनेक. पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या पिवळ्या मोझॅकमध्ये पानावर हिरवे-पिवळे वेडेवाकडे चट्टे पडतात. लोहाची कमतरता असेल तर शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो. "सोयाबीन पिवळे पडले" एवढेच लिहिले तर कोणतेही साधन अंदाजच करणार, आणि त्या अंदाजावर फवारणीचे पैसे आपले जाणार. राज्याच्या कृषी विभागाने २०२५ मध्ये 'महाविस्तार' हे मराठीत उत्तरे देणारे एआय ॲप आणले आहे. त्यालाही विचारा, मात्र रोगट झाड उपटून रिसोड तालुक्यातल्या करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवल्याशिवाय औषध आणू नका.

आता जिथे चूक झाली तर घर हलते, अशा दोन गोष्टी.

पहिली कागदपत्रांची. जन्माचा दाखला, नावातली दुरुस्ती, जुनी नोंद यांची धास्ती सध्या आपल्या मोहल्ल्यांत किती आहे हे सर्वांना माहीत आहे. धास्तावलेला माणूस घाई करतो आणि ठगाला हेच हवे असते. जन्म-मृत्यू नोंदणीच्या सरकारी स्थळाची हुबेहूब नक्कल करणारी स्थळे उभारून, पैसे घेऊन बनावट दाखले देण्याचे प्रकार देशात अनेकदा उघड झाले आहेत. असा दाखला बाळगणाराच उद्या आरोपी ठरू शकतो. डिसेंबर २०२५ मध्ये तर शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या शेंदुरसनी या जेमतेम दीड हजार वस्तीच्या गावाच्या नावावर तीन महिन्यांत सत्तावीस हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचे उघडकीस आले. पत्ता वाचायची सवय लावून घेतली तर बरेचसे संकट टळते. पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचा भाग पाहायचा आणि तो शेवटाकडून वाचायचा. सरकारी स्थळाचा हा भाग 'गव्ह डॉट इन' असा संपतो. राष्ट्रीय शिष्यवृत्तीचे स्थळ तसे, महाडीबीटीचेही तसेच. नक्कल करणारे 'गव्ह' आणि 'इन' पत्त्याच्या मध्येच पेरतात आणि शेवट दुसराच असतो. शिष्यवृत्तीची माहिती एआयला विचारू नका. त्याच्याकडे शिळी असू शकते. केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये अल्पसंख्याकांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती नववी-दहावीपुरती मर्यादित केली, पण त्याआधीची पाने इंटरनेटवर तशीच आहेत आणि यंत्राने तीही वाचलेली आहेत. आधार कार्डाचा फोटो कोणत्याही गप्पा मारणाऱ्या साधनात टाकू नये, हे वेगळे सांगायला नको. तरी सांगते, कारण "यातले स्पेलिंग तपासून दे" म्हणून लोक टाकतात.

दुसरी गोष्ट मुलींच्या फोटोंची. मार्च २०२५ मध्ये स्वतःचे कार्टूनसारखे चित्र करून घेण्याची लाट आली, सप्टेंबरमध्ये जुन्या सिनेमातल्या नायिकेसारख्या साडीतल्या फोटोंची. मूळ साधन मोठ्या कंपनीचे होते, पण लाट आली की तिच्यामागे त्याच नावाची बनावट स्थळे येतात; तेलंगणातल्या एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांनी तेव्हाच तसा इशारा दिला होता. दिलेला फोटो कुठे राहतो, कोण वापरतो, हे अनोळखी साधनाबाबत सांगता येत नाही.

आणि मुस्लिम मुलींच्या बाबतीत ही भीती काल्पनिक नाही. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई' अशा नावांनी शेकडो मुस्लिम स्त्रियांचे फोटो इंटरनेटवर "लिलावा"ला मांडले गेले. त्यांत पत्रकार होत्या, वकील होत्या, विद्यार्थिनी होत्या. त्यांनी तक्रारी केल्या, मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने आणि दिल्ली पोलिसांनी अटका केल्या. पकडलेल्यांत विशी-पंचविशीतले शिकलेले तरुण होते, एक तर अठरा वर्षांची मुलगी होती. त्या वेळी बऱ्याच घरांत एकच निर्णय झाला, मुलीचा मोबाईल काढून घेतला. मला तो निर्णय तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही. गुन्हा केला दुसऱ्याने आणि शाळेचा ग्रुप, साथीचे धडे, मैत्रिणींचे फोन तुटले आपल्या लेकीचे. शिवाय मोबाईल जाईल या भीतीने पुढच्या वेळी ती घरी सांगणारच नाही. ठगाला आणि ब्लॅकमेल करणाऱ्याला याहून मोठी मदत कोणती?

सांगितले तर करता येण्यासारखे बरेच आहे. मुलीचा खासगी किंवा खोटा बनवलेला अश्लील फोटो कोणी पसरवण्याची धमकी देत असेल आणि तो फोटो तिच्या अठराव्या वर्षाआधीचा असेल तर 'टेक इट डाउन', त्यानंतरचा असेल तर 'स्टॉप एनसीआयआय' या संकेतस्थळांवर जावे. ती फोटो मागत नाहीत. आपल्याच मोबाईलवर त्या फोटोचा एक अंकी ठसा तयार होतो, तेवढाच पुढे जातो आणि फेसबुक, इन्स्टाग्रामसह सहभागी कंपन्या त्या ठशाशी जुळणारा फोटो दिसला की रोखतात किंवा काढतात. व्हॉट्सॲपच्या खासगी संदेशांपर्यंत हा उपाय पोहोचत नाही. त्यासाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी; स्त्रिया आणि मुलांविषयीच्या तक्रारीत तिथे नाव न देण्याची सोय आहे. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन. स्क्रीनशॉट पुसू नयेत, आणि धमकी देणाऱ्याला एक रुपयाही पाठवू नये, कारण पहिल्या रुपयानंतर दुसरी मागणी येते.

इतके सावध राहून मग फिरावे तरी का? कारण फिरण्यात मजा आहे. मराठी विकिपीडियावर 'अविशिष्ट लेख' नावाची एक कळ आहे. ती दाबली की कुठलेही एक पान उघडते. कधी आफ्रिकेतला देश, कधी एखादा किल्ला, कधी न ऐकलेला शास्त्रज्ञ. मुलांबरोबर झोपण्याआधी तीनदा दाबून पाहा. त्याच पानावर 'इतिहास पहा' असेही लिहिलेले असते. कोणते वाक्य कोणी, कधी घातले, कोणी बदलले, सगळी साखळी उघडी. आधार नसलेल्या वाक्यापुढे 'संदर्भ हवा' अशी चिठ्ठी लावलेली असते. एआयच्या उत्तरापुढे कोणी अशी चिठ्ठी लावत नाही.

१ मे २००३ ला सुरू झालेला हा ज्ञानकोश कोणा कंपनीचे नोकर लिहीत नाहीत, तुमच्या-माझ्यासारखी माणसे लिहितात. मायबोली तर त्याहून जुनी, १९९६ ची, म्हणजे गूगलच्याही आधीची. परदेशातल्या मराठी माणसांनी उभारलेली ही चावडी आजही पाककृतींपासून राजकारणापर्यंत गजबजलेली असते. अशा ठिकाणी आपल्या घरांतले लिखाण फार कमी दिसते. मंगरुळपीरच्या हजरत दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्याबद्दल, आपल्याकडच्या निकाहातल्या रस्मांबद्दल, वऱ्हाडी घरांतल्या ईदच्या स्वयंपाकाबद्दल माहिती असणाऱ्या बाया प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. ती कोणी लिहिली नाही, तर यंत्र दुसरीकडचेच काहीतरी आपले म्हणून सांगेल.

आपल्या बोलीचेही तसेच. घरात आपण जे "हौ", "नक्को", "कायकू" बोलतो, ते ना पुण्याची मराठी ना लखनौची उर्दू. मोबाईलशी बोलून पाहा, तो अडखळतो. त्याने असा आवाज पुरेसा ऐकलेलाच नसतो. मोझिलाच्या 'कॉमन व्हॉइस' या संकेतस्थळावर मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांसाठी आवाज गोळा केले जातात. पडद्यावर वाक्य येते, ते आपल्या नेहमीच्या सुरात वाचायचे, बस्स. नाव देण्याची सक्ती नाही, मात्र आवाज सर्वांसाठी खुला होतो हे ठाऊक असावे. जिला वाचायचे नाही, तिने ऐकायचे काम करावे. दुसऱ्याने वाचलेले वाक्य लिहिल्याप्रमाणे आहे का ते सांगायचे. दोन ऐकणाऱ्यांनी "बरोबर" म्हटले, तरच ती नोंद ग्राह्य धरली जाते.